तुरटीचा खडा

अध्यक्ष महोदया आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत माझा विषय 'टॅटू आणि रक्तातून पसरणारे संसर्ग' असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु आधी मला तुरटीबद्दल बोलू द्यावे, कारण इतकी वर्षे रक्तपेढीत काम केल्यावरही सर्वांत अधिक सलते ती तीच.

लहानपणी रविवारी सकाळी मी वडिलांबरोबर सलूनमध्ये जात असे. आरशाखालच्या फळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत तुरटीचा खडा असे, वापरून वापरून मध्ये खोलगट झालेला. दाढी झाली की तो ओला करून गालांवरून फिरवला जाई, आणि वस्तरा लागून रक्ताचा ठिपका आलाच तर तिथे क्षणभर दाबून धरला जाई. मग खडा पुन्हा वाटीत आणि पुढचे गिऱ्हाईक खुर्चीत. वाटीतल्या पाण्याला कधी कधी फिकट गुलाबी छटा आलेली असे, ती मला अजून आठवते.

मागच्याच महिन्यात मुलाबरोबर एका दुकानात गेले, तेव्हा कारागिराने आमच्यासमोर पाकीट फोडून नवे पाते घातले. मला मनापासून आनंद झाला. एचआयव्हीच्या धास्तीने आपल्याकडे रुजलेली ही फार मोलाची सवय आहे. दाढी संपली आणि त्याने फळीवरून खडा उचलला, तोच, सगळ्यांचा. मी त्याला थांबवले. तो बिचारा गोंधळला; तुरटीने जखम स्वच्छ होते असेच त्याला शिकवलेले होते, आणि त्याच्याच बोटावर ताजी चीर होती.

तुरटीने रक्त थांबते, पण त्यातला विषाणू मरतो असे समजू नये. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकू शकतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्के असते. आपण भीती एकाची बाळगली आणि दुसऱ्याला वाटीत ठेवून दिले. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, नवे काय काढले हे पाहून गिऱ्हाइकाने समाधान मानू नये, तर अंगाला लागलेली कोणती वस्तू परत जागेवर जाते आहे तेही पाहावे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा टॅटूविषयी थोडक्यात सांगते. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदून घेणे धोक्याचे, हे आता बहुतेकांना पटले आहे. पण सुई नवी असली तरी शाईचे काय? अमेरिकेत रॉचेस्टर येथे २०११ च्या सुमारास १९ जणांना टॅटूच्या जागी जंतुसंसर्गाचे पुरळ उठले, आणि त्याचे मूळ तयार करड्या शाईत सापडले. म्हणून शाई आपल्यासमोर नव्या छोट्या कपात ओतली जावी, उरलेली बाटलीत परत जाऊ नये, आणि ती पातळ करायला नळाचे पाणी वापरू नये.

पार्लरमध्ये हत्यारे निर्जंतुक करायला ठेवलेल्या निळ्या दिव्याच्या पेटीवर विसंबू नये. तो प्रकाश पडेल तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो, चिमट्याच्या सांध्यात पोहोचत नाही. पुन्हा वापरायची धातूची हत्यारे आधी घासून धुवावीत, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवावीत. पेडिक्युअरला जाण्याआधी पायांवर वस्तरा फिरवू नये. मेणात बुडवलेली पट्टी एकदा त्वचेला लागली की पुन्हा भांड्यात जाऊ नये.

टॅटू काढल्यावर १२ महिने आम्ही रक्त घेत नाही. शिबिरातून परत पाठवलेल्या तरुणांनी कृपया राग मानू नये. रक्तातूनच पसरणाऱ्या हिपॅटायटिस सीवर लस नाही, बीवर आहे. आजच्या बाळांना ती जन्मतःच मिळते, पण या सभागृहातल्या बहुतेकांना लहानपणी मिळालेली नसणार. तीन मात्रा आहेत: आज पहिली, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. आणि आपल्या नेहमीच्या सलूनमधल्या कारागिरालाही सोबत घेऊन जा. दिवसभर रक्ताशी संबंध त्याचाच येतो.