आरेत्सोचा किमेरा: गावाची ओळख, मुक्काम दुसऱ्या गावी

मंडळी, नमस्कार. आज एकाच मूर्तीबद्दल बोलायचंय. ती ज्या शहराच्या नावाने जगभर ओळखली जाते त्या शहरात ती राहतच नाही, पावणेपाचशे वर्षं होत आली, आणि तरीसुद्धा त्या शहराला विचारलं की तुमची खूण काय, तर लोक तिचंच नाव घेतात. माझं तर म्हणणं असं आहे की तरीसुद्धा नाही, ती गेली म्हणूनच घेतात.

शहर म्हणजे इटलीतलं आरेत्सो. फ्लॉरेन्सहून ट्रेनने तासाभराच्या आसपास लागतो. स्टेशनातून बाहेर आलात की समोर कारंज्यांमध्ये ब्राँझची दोन सारखी जनावरं दिसतात, दोन्ही कॉपी. अंग सिंहाचं, पाठीतून बोकडाचं डोकं वर आलेलं आणि शेपटीच्या जागी साप. हा किमेरा, इंग्रजीत कायमेरा म्हणतात तोच. ग्रीक पुराणातला आग ओकणारा राक्षस, आणि तोही ग्रीसमधला नाही, लिकियातला म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडचा. पंखांच्या घोड्यावर बसून बेलेरोफोन नावाचा वीर त्याला मारतो. आता गंमत बघा, शहराने आपली ओळख म्हणून वीर नाही घेतला, मार खाणारा राक्षस घेतला, आणि तोही परक्या मुलखातला!

ओरिजिनल मूर्ती एट्रुस्कन लोकांची, साधारण इसवी सनापूर्वी 400 च्या आसपासची. रोमच्या आधी मध्य इटलीत ज्यांचा दबदबा होता ते हे लोक, आणि आरेत्सो त्यांचं एक मोठं शहर. मूर्ती फार मोठी नाहीये, उंची ऐंशी सेंटिमीटरच्या आत, लांबी सव्वा मीटरच्या थोडी पुढे. पण फोटो झूम करून बघा एकदा. बरगड्या एकेक मोजता येतील अशा, पोटावरच्या शिरा ताणलेल्या, आयाळ ताठ उभी, जबडा वासलेला, पुढचे पाय रेटलेले. आणि बोकडाच्या मानेला जखम आहे, तिच्यातून रक्त ओघळतंय तेसुद्धा ब्राँझमध्ये केलंय. म्हणजे हा रुबाबात उभा असलेला सिंह नाही, घाव बसलेलं, तरी मागे न हटणारं जनावर आहे. बेलेरोफोनचीही मूर्ती समोर असावी असं काही अभ्यासक मानतात, पण ती कधी सापडली नाही.

उजव्या पुढच्या पायावर एट्रुस्कन लिपीत एक शब्द कोरलाय, तिनश्चविल. मेणाचा नमुना तयार असतानाच कोरलेला, मग त्यावर साचा करून धातू ओतला. अर्थ साधारण असा की ही तिनियाला वाहिलेली वस्तू आहे, तिनिया म्हणजे त्यांचा सर्वात मोठा देव, ग्रीकांचा झ्यूस तसा. हे नीट लक्षात घ्या, कारण मूर्ती घडवणाऱ्यांच्या डोक्यात शहराचं चिन्ह बिन्ह काही नव्हतं. देवाला वाहिली, पुढे कधीतरी बाकीच्या छोट्या ब्राँझ मूर्तींबरोबर पुरली गेली, संपला विषय. जवळजवळ दोन हजार वर्षं आरेत्सोच्या कोणाला तिचा पत्ताही नव्हता.

मग 15 नोव्हेंबर 1553. सान लोरेंतिनो दरवाजाजवळ तटबंदीचं काम चालू होतं आणि खोदताना हे निघालं. पण तट कोणाचा, तर फ्लॉरेन्सचा. आरेत्सो 1384 मध्ये फ्लॉरेन्सने चक्क विकत घेतलं होतं, आंगेराँ द कूसी नावाच्या फ्रेंच सरदाराकडून, 40,000 फ्लोरिनला. 1502 मध्ये लोकांनी बंड करून बघितलं, ते मोडलं गेलं. त्यामुळे 1553 ला तिथे हुकूम चालत होता तो फ्लॉरेन्सच्या ड्यूकचा, कोझिमो दे मेदिचीचा, आणि मूर्ती निघाल्यावर ती कुठे जाणार हे काही वेगळं सांगायला नको. गेली फ्लॉरेन्सला. बरोबरच्या छोट्या मूर्तीही गेल्या. त्याच्या बाराएक वर्षं आधी आरेत्सोतच मिनर्व्हाची ब्राँझ मूर्ती निघाली होती, तीही आज फ्लॉरेन्समध्येच आहे.

कोझिमोला ती इतकी का हवी होती? त्याला नुसतं फ्लॉरेन्सचा ड्यूक राहायचं नव्हतं, अख्ख्या तोस्काना प्रांताचा धनी व्हायचं होतं, आणि एट्रुस्कन राजांचा वारसा आपल्याकडे आलाय असं दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा कुठला मिळणार. शिवाय सिंह हे फ्लॉरेन्सचंही चिन्ह, आणि मेदिची घराण्यातल्या पोपचं नावच लिओ, म्हणजे सिंह! किमेरा लावला कुठे, तर राजवाड्यात त्याच लिओच्या नावाच्या दालनात. आधी लोक याला नुसता सिंहच समजत होते, कारण शेपटी तुटलेली होती. जुन्या नाण्यांवरची चित्रं ताडून हा किमेरा आहे हे ठासून सांगितलं ते चित्रकार जॉर्जो वासारीने. आणि वासारी मूळचा कुठला? आरेत्सोचा! गावचाच माणूस ड्यूकच्या पदरी, आणि गावची मूर्ती ड्यूकच्या भिंतीला कशी शोभते ते तोच समजावून सांगतोय. मला यात वासारीचा राग येत नाही खरं तर, नोकरी होती, पण आरेत्सोच्या लोकांना काय वाटलं असेल!

चेल्लिनी नावाच्या सोनाराने, म्हणजे शिल्पकारही तोच, आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की किमेराबरोबर आलेल्या लहान मूर्ती माती आणि गंजाने माखलेल्या होत्या आणि ड्यूक स्वतः बसून सोनाराच्या बारीक छिन्न्यांनी त्या साफ करायचा. दिवाळीआधी पितळेची भांडी घासायला बसावं तसा राज्याचा मालक संध्याकाळी दुसऱ्याच्या गावचे देव घासतोय, हे चित्र माझ्या डोक्यातून काही जात नाही.

शेपटीचं सांगायचं राहिलं. आज दिसते ती 1785 मध्ये लावलेली, आणि बहुतेक चुकीची. तो साप बोकडाचं शिंग चावताना दाखवलाय, स्वतःच स्वतःला चावणारं जनावर कशाला कोण करेल, मूळचा साप समोरच्या शत्रूवर फणा काढून असणार. पण आता कॉपीतही तीच शेपटी, पोस्टरवरही तीच.

आता मुद्द्यावर येतो. आरेत्सोचं अधिकृत चिन्ह किमेरा नाहीच! नगरपालिकेच्या चिन्हावर पांढऱ्यावर उधळलेला काळा घोडा आहे, फुटबॉल टीमवाले पण घोडाच लावतात. घोड्याबद्दल कोणाची तक्रार नाही, पण घोडा कोणी पळवला नाही ना. किमेरा पळवला गेला, म्हणून दरवाजापाशी कॉपी, स्टेशनसमोर कॉपी, दुकानात कॉपी. मूर्ती मूळ जागीच राहिली असती तर म्युझियमच्या एका खोलीत असती आणि शाळेची पोरं ट्रिपला येऊन जांभया देत निघून गेली असती, असं मला तरी वाटतं. आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादचं बघा, 1974 ला ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ निघाला, आज ते सगळं मुंबई-दिल्लीच्या म्युझियममध्ये. तिकडे जाणाऱ्या एसटीतून उतरल्यावर समोर मोठ्ठा हत्ती उभा करायचं कोणाच्या मनात का येत नाही, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

आणि 2024 मध्ये वासारीच्या मृत्यूला 450 वर्षं झाली म्हणून आरेत्सोत मोठं प्रदर्शन झालं, त्याला खरा किमेरा फ्लॉरेन्सहून उसना आणला होता. ज्या वासारीने तो मेदिचींच्या पदरात टाकायला हातभार लावला त्याच्याच निमित्ताने तो काही महिने घरी आला, आणि प्रदर्शन संपल्यावर परत पाठवावा लागला.