तेलोक आयर स्ट्रीटवरची मा चो पो

सिंगापूरला जाणारी आपली मंडळी चायनाटाऊनमध्ये खरेदी करतात, बुद्धाच्या दाताचं मोठं मंदिर बघतात आणि परत फिरतात. तिथून थोडंसंच चाललं की तेलोक आयर स्ट्रीटवर थिआन हॉक केंग आहे, समुद्रदेवी माझूचं देऊळ. ते राहून जातं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल बोलतो.

आज तिथे उभं राहिलं की चारी बाजूंना ऑफिसच्या उंच बिल्डिंगा दिसतात, समुद्र कुठेच नाही. पण १८८० च्या दशकापर्यंत हा रस्ता म्हणजे किनारा होता, नंतर भराव टाकून समुद्र मागे ढकलला. हे एवढं डोक्यात ठेवलं ना की देवळाचं तोंड त्या बाजूला का आहे ते लगेच कळतं. चीनच्या फुजिअन प्रांतातून जंक म्हणजे शिडाची जहाजं ईशान्य मोसमी वाऱ्यावर यायची, माणसं खच्चून भरलेली, वाटेत वादळं, चाचे, आजारपण, किती जण पोचतील याचा भरवसा नाही. जे पोचले ते उतरल्या उतरल्या आधी इथे यायचे आणि उदबत्ती लावून देवीचे आभार मानायचे. काम, राहायची जागा, ते सगळं नंतर. १८२१ च्या सुमारास इथे नुसतं एक साधं छोटं देऊळ होतं.

ही देवी कोण? तिथले लोक तिला मा चो पो म्हणतात. फुजिअनजवळच्या मेईझोऊ बेटावर ९६० साली जन्मलेली लिन मोनिआंग नावाची कोळ्याघरची मुलगी, अशी परंपरा आहे. जन्मल्यावर महिनाभर रडलीच नाही म्हणतात. मोठी झाल्यावर लाल कपडे घालून किनाऱ्यावर उभी राहायची, म्हणजे वादळात बोटींना किनारा कुठे आहे ते दिसावं. तरुण वयातच गेली, आणि पुढे एकेक करत सम्राटांनी तिला पदव्या दिल्या. तिच्यासोबत दोन रक्षक असतात, एकाला हजार मैलांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावर आलेला आवाज ऐकू येतो. मला हे फार पटतं, कारण बुडणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं, कुणीतरी बघावं आणि कुणीतरी ऐकावं.

आत्ताचं देऊळ १८३९ ते १८४२ मध्ये बांधलं. सगळ्यात मोठ्या देणगीदारांपैकी एक तान तोक सेंग, मलाक्कात जन्मलेला, भाजी विकून सुरुवात केलेला माणूस, त्याच्याच नावाचं हॉस्पिटल आजही सिंगापुरात आहे. देवीची मूर्ती १८४० मध्ये चीनहून आली तेव्हा गावभर मोठी मिरवणूक निघाली. लाकडी सांगाडा एकात एक खाचा अडकवून उभा केलाय, खिळे न ठोकता. आत गेलात की मान वर करा आणि तुळयांचे जोड नीट बघा, घाई करू नका. पुढे २० व्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी गेट मात्र ग्लासगोहून आणलं, आणि १९०७ मध्ये चीनच्या ग्वांगशू सम्राटाकडून अक्षरांची पाटी आली. परदेशात राबणाऱ्या हमालांच्या, व्यापाऱ्यांच्या देवळाला सम्राटाने पाटी पाठवावी, त्या लोकांना किती भरून आलं असेल! १९७३ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

आत जाताना उंबरा उंच आहे, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. उजवीकडच्या दारानं आत, डावीकडच्या दारानं बाहेर. मागच्या बाजूला ग्वानयिन, म्हणजे बौद्धांची करुणेची देवी आहे, तिच्यापुढेही दोन मिनिटं थांबा. जमलं तर चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेला जा, तो माझूचा जन्मदिवस, साधारण एप्रिल-मेमध्ये येतो.

आणि बाहेर पडलात की लगेच टॅक्सी करू नका. त्याच रस्त्यावर अगदी जवळ नागोर दर्गा आहे, १८२८ ते १८३० दरम्यान दक्षिण भारतातून आलेल्या तमिळ मुसलमानांनी बांधलेला, तमिळनाडूतल्या नागोरच्या शाहुल हमीद यांच्या नावाने. त्यांनाही खलाशी आपला राखणदार मानायचे. म्हणजे एकाच किनाऱ्यावर दोन दिशांनी आलेली माणसं उतरली आणि दोघांनी आधी समुद्रातून वाचवणाऱ्याचीच जागा बांधली, तेव्हा दोन्ही एकाच फेरीत बघा.