इंजीन चालतं ठेवा

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांच्या घरी तांब्याचा बंब नक्की असणार. मधोमध नळी, खाली जाळी, जाळीवर पऱ्हाट्या नाहीतर गोवऱ्या, आणि नळीभोवती पाणी. आमच्या कारखान्यात शाळेची पोरं येतात तेव्हा मी बॉयलर या शब्दापासून सुरुवात करत नाही, बंबापासून करतो. बंब आडवा पाडा, पत्रा जाड घ्या, लांबी वीस-पंचवीस फुटांपर्यंत वाढवा आणि सगळी तोंडं पक्की बंद करा. हा झाला कॉर्निश बॉयलर. मधल्या नळ्या दोन केल्या की लँकेशायर. दोन नळ्यांची ही रचना विल्यम फेअरबेर्न यांनी 1844 साली इंग्लंडात पेटंट केली, आणि पुढे कापडगिरण्या म्हटलं की हाच बॉयलर असं समीकरण झालं.

फरक काय तो ‘बंद’ या शब्दात आहे. उघड्या भांड्यात एक लिटर पाण्याची वाफ झाली तर तिला सुमारे 1,600 लिटर जागा लागते. बंबातली वाफ वरच्या तोंडातून निघून जाते. बॉयलरमध्ये तिला वाट मिळत नाही, ती दाटते, आणि तिच्या त्या बाहेर पडण्याच्या धडपडीवर धातू कापायची-घासायची आमची यंत्रं, म्हणजे दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर, चालतात.

मी आयुष्यभर टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर एरंडोल तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या जिनात, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही चौघा-पाच जणांनी तिथलं जुनं वर्कशॉप पुन्हा वाफेवर सुरू केलं. आज त्याचीच हकिकत सांगायला आलो आहे. आणि एक आग्रह आहे, तो आधीच सांगून टाकतो: आपल्या भागात उरलेलं एखादं तरी वाफेचं इंजीन चालतं राहिलं पाहिजे. रंग देऊन चौकात उभं केलेलं नव्हे, चालतं.

खानदेशात वाफ आली ती कपाशीच्या मागोमाग. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाला भाव चढला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. मग जिन उभे राहिले, कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. तुमच्या अमळनेरात श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1906 साली गिरणी काढली. प्रत्येक जिनाला एक छोटं वर्कशॉप असायचंच. रोलर जिनची पाती धार मागतात, चामड्याचा रोलर झिजतो, बुश सैल होतात. हंगामाच्या ऐन भरात दारात बैलगाड्यांची रांग लागलेली असताना दुरुस्तीला मुंबईला कोण पाठवणार? म्हणून ज्या इंजिनावर जिन फिरायचा, त्याच इंजिनावरून एक पट्टा वर्कशॉपात यायचा.

आमचं इंजीन लहान आहे. सिलिंडर 8 इंच व्यासाचा, पिस्टनची धाव 12 इंच, मिनिटाला 120 फेरे. बॉयलर चौरस इंचाला ऐंशी पौंड दाबावर ठेवतो. पिस्टनवर सरासरी 40 पौंडांचा दाब धरला, दोन्ही बाजूंनी वाफ येते हे धरलं, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे मिनिटाला 33,000 फूट-पौंड या हिशेबाने मांडलं, तर साडेचौदा घोडे येतात. कागदावर. त्यातले कितीतरी घोडे सगळ्या मशीनना ताकद वाटणारा वरचा लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, फिरवण्यातच खपतात. मशीन एकही चालू नसलं तरी शाफ्ट, पुल्या आणि पट्टे फिरतच असतात आणि आपला वाटा खातच असतात. पुढे प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. ते बरोबरच होतं. वाफ आजच्या विजेपेक्षा स्वस्त किंवा चांगली आहे असं मी कुणाला सांगत नाही. अशा लहान इंजिनात जळणाच्या शंभर भाग उष्णतेतले पाच-सहा भाग शाफ्टपर्यंत पोचले तरी खूप झालं.

मग चालवायचं कशाला? एका पोराची गोष्ट सांगतो. तो रोज लेथवर उभा राहायचा, हात चांगला होता. एक दिवस त्याने जाड काप लावला. त्याच वेळी शेपरवाल्याने पट्टा टाकून आपलं मशीन सुरू केलं. बाहेरून इंजिनाचा आवाज जड झाला, भक् भक् मधलं अंतर वाढलं, मग वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचे गोळे खाली आले, झडप जास्त उघडली आणि इंजिनाने पुन्हा चाल धरली. पोरगा हात थांबवून म्हणाला, “काका, हे मी केलं?” हो, तूच केलंस. मोटरवर तो हेच काम दहा वर्षं करता तरी ताकद कुठून येते आणि आपण तिच्यावर किती भार टाकतो हे त्याच्या कानापर्यंत आलं नसतं. आमच्याकडे एका माणसाचा काप सगळ्यांना ऐकू जातो. भट्टीवरचा माणूस सुद्धा त्यावरून समजतो की आता दोन ओंडके जास्त लागणार.

आता पट्ट्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण मला त्याचं फार प्रेम आहे. वरच्या शाफ्टवरून प्रत्येक मशीनला चामड्याचा सपाट पट्टा उतरतो. पट्टा पुलीवरून घसरू नये म्हणून पुलीला कडा हवी असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुलीचा माथा मध्यभागी किंचित फुगीर असतो, आणि पट्टा आपोआप चढून त्या उंचवट्यावर येऊन बसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पटतच नाही. मी मुद्दाम पट्टा एका बाजूला सरकवून दाखवतो, दोन-चार फेऱ्यांत तो मध्यावर परत येतो. मशीन थांबवायचं तर शेजारी एक मोकळी पुली असते, काठीने पट्टा तिच्यावर सरकवायचा. शाफ्ट फिरत राहतो, मशीन उभं राहतं. उलटं फिरवायचं असेल तर पट्ट्याला मध्ये पीळ द्यायचा.

चामड्याची केसांची बाजू पुलीकडे ठेवायची, तिची पकड चांगली बसते. ओढणारी बाजू शक्यतो खाली आणि ढिली बाजू वर ठेवायची, म्हणजे ढिल्या बाजूला झोळ आला तरी पट्टा पुलीला जास्त लपेटतो. चामडं कोरडं पडू लागलं की एरंडेलाचं बोट फिरवायचं. काही जण राळ टाकतात. त्याने पट्टा तेवढ्यापुरता चिकटतो आणि नंतर पृष्ठभाग काचेसारखा होऊन जास्तच घसरतो. आमच्याकडे राळेला बंदी आहे. दुसरी बंदी उपरणं, ओढणी, पदर, सैल बाही यांना. फिरता शाफ्ट कापड पकडतो तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही.

एक गंमत आकड्यांची. आमचा मोठा लेथ इंची मापाचा आहे, त्याच्या लीड स्क्रूवर, म्हणजे हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर, इंचाला चार आटे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचं प्रमाण ठरवलं, 55 अंशांचा कोन, त्याच जमान्यातली ही वंशावळ. आज कुणाला मिलिमीटरचे आटे हवे असतील तर काय करायचं? गिअरच्या पेटीत 127 दातांचं एक चाक आहे. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127. ते एक चाक मध्ये बसवलं की इंची लेथ मिलिमीटरचे आटे बिनचूक काढतो. हे चाक मी हातात देतो तेव्हा पोरं दात मोजतात, आणि मोजून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी पहाटे पाचला उठतो.

पहाटे पाच, कारण वाफ उठायला दोन-तीन तास लागतात. आग घाईने वाढवली तर पत्रे असमान तापतात आणि रिव्हेटच्या सांध्यांवर ताण येतो. इंजिनाला वाफ देण्याआधी सिलिंडरच्या खालच्या तोट्या उघड्या ठेवायच्या. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टन त्यावर आदळला तर बिडाचं झाकण फुटतं. तेलाच्या वाट्यांमध्ये सुताची वात असते, समईसारखीच. वात तेल वर ओढते आणि थेंबथेंब बेरिंगवर सोडते. पिस्टन नेमका टोकाला अडकून उभा असेल तर दोघांनी फ्लायव्हील हाताने थोडं पुढे लोटायचं. मग झडप हळू उघडायची.

दुसऱ्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली, ती लपवणार नाही. आपल्या विहिरींचं पाणी जड. भांड्यात बसतो तो पांढरा थर बॉयलरमध्येही बसतो. त्या दिवशी पाण्याच्या काचेत, म्हणजे बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी अर्ध्याच्या वर दिसत होतं आणि मी निश्चिंत होतो. आमचे म्हातारे फायरमन आबा जवळ आले, काचेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पाणी हलत नाही भो.” चालत्या बॉयलरच्या काचेतलं पाणी सारखं थरथरतं. आमचं स्थिर होतं. चाचणीची तोटी उघडली तर पाण्याऐवजी वाफ आली. काचेचं खालचं भोक क्षाराच्या खपलीने बुजलं होतं आणि वरून आलेली वाफ थिजून काचेत साचत होती. म्हणजे आत पाणी उतरत होतं आणि काचेत चढत होतं. अशा वेळी घाबरून थंड पाणी सोडलं तर तापलेल्या पत्र्यावर अनर्थ होतो. आम्ही पाणी सोडलं नाही. आगीवर ओली राख टाकली, धुराड्याची झडप लावली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि गार होईपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तेव्हा भट्टीच्या माथ्यावर दोन बोटं पाणी शिल्लक होतं. दोन बोटं. तेव्हापासून काच दर दोन तासांनी वाफेने फुंकून साफ होते आणि ज्याने केली तो वहीत सही करतो.

पाण्याचाही बंदोबस्त केला. जिनाचं पत्र्याचं छप्पर तीनशे चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर तीनशे लिटर पाणी येतं. ते टाकीत साठवतो आणि बॉयलरला तेच देतो. दहा घोड्यांच्या भाराला तासाला पावणेदोनशे लिटर लागतं, त्यामुळे आम्ही रोज चालवत नाही. दसऱ्यानंतर ऊन उतरलं की सुरू, होळीला बंद. आपल्या वैशाखात भट्टीपुढे माणूस उभा करणं पाप आहे.

कायद्याचं थोडक्यात: बॉयलर सरकारी तपासणीशिवाय पेटवायचा नाही. 1923 चा कायदा इतकी वर्षं होता, आता 2025 चा नवा आला आहे. पाण्याच्या दाबाची चाचणी नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाबाने होते, चालवणारा माणूस परवानाधारक लागतो. ही कटकट आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी ती दोन बोटं दाखवतो.

आता माझा आग्रह. बंद जिनांमध्ये, गिरण्यांच्या मागच्या शेडमध्ये अजून इंजिनं आहेत. भंगारवाला किलोवर बीड नेतो. नशीब चांगलं असेल तर कुणीतरी लाल-काळा रंग देऊन दाराशी उभं करतं, आणि आत पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटतो. त्या इंजिनाजवळ फोटो निघतात, पण “पाणी हलत नाही” हे ओळखणारा डोळा तिथे तयार होत नाही. तो चालत्या काचेसमोर उभं राहूनच तयार होतो. आबांनी तो मला दिला, मी दोन मुलांना आणि एका मुलीला देतो आहे. ती मुलगी व्हाईट मेटल या मऊ धातूचं बेरिंग ओतते, शाफ्टला निळा रंग लावून फिरवते आणि जिथे डाग उमटेल तिथे स्क्रेपरने केसभर खरवडते. सकाळभर एकच बेरिंग. तिच्या हाताखालून गेलेलं बेरिंग तापलेलं मी अजून पाहिलं नाही.

कुणाला यायचं असेल तर सकाळी न येता संध्याकाळी या, बंद करताना. पट्टे एकेक करून मोकळ्या पुलीवर जातात, मशीनं शांत होतात, शेवटी फक्त शाफ्टचा आवाज उरतो, मग तोही मंदावतो. पाणी काचेच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचं, निखारे मागे ओढून राखेखाली झाकायचे, धुराड्याची झडप लावायची. दुसऱ्या दिवशी पहाटे कुलूप काढून आत गेलं की अंधारात आधी भिंतीची ऊब लागते, आणि कंदील वर धरला की काटा अजून दहा पौंडांवर असतो.