गावाची कोठी, आषाढाचा आधार

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात आषाढात भाताची रोपलावण जोरात असते. दिवसभर चिखलात वाकून बायामाणसं थकतात, भूक दुप्पट लागते आणि नेमकी तेव्हाच घरातली कणगी तळाला गेलेली असते. नवं भात हाती यायला दिवाळी उजाडते.

2013 साली देशात अन्नसुरक्षा कायदा आला, त्याच वर्षी कर्नाटकात रेशनच्या तांदळाची अन्नभाग्य योजना सुरू झाली. रेशनच्या तांदळानं गरिबाची चूल विझू दिली नाही, हे अगदी खरं. पण नाचणी, कुळीथ, शाळू ताटातून कमी होत गेले आणि पेरायचं बी काही रेशनवर मिळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की गावानं स्वतःची धान्य बँक उभारावी आणि ती बायकांच्या बचत गटानं चालवावी.

सुगीत प्रत्येक घरानं जमेल तेवढं धान्य द्यायचं. आषाढात ज्याला नड असेल त्यानं उचलायचं आणि पुढच्या सुगीला सवाईनं, म्हणजे चार पायलीला पाच पायली, परत घालायचं. वरची पायली सावकाराकडं न जाता गावातच राहते. पीक बुडालं तर ती सोडून द्यायचं गटच ठरवू शकतो. तेलंगणात झहीराबादकडच्या गरीब दलित बायकांनी पडीक रानं कसून ज्वारी पिकवली, गावातच साठवली आणि गरजूंना स्वस्तात दिली. आपल्याकडं ते का होऊ नये?

साठवणीत मात्र हयगय नको. भात कडकडीत वाळवा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलावा राहिला की बुरशी आणि किडे आलेच. पोती फळ्यांवर रचा, भिंतीला टेकवू नका. बियाण्याला राख चोळून त्याचा डबा वेगळा ठेवा. कितीही नड आली तरी त्यातलं खायला काढायचं नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या घरांत पाणी शिरलं, साठवलेलं धान्य कुजलं. त्या गावांनी पुराच्या खुणेच्या वरचीच जागा कोठीसाठी धरावी.

अथणीकडं शाळू आहे, खानापुराकडं भात आणि नाचणी. गटागटांत अदलाबदल झाली तर दोन्हीकडच्या लेकरांच्या ताटात भाकरीही येईल, भातही येईल.

सुगीआधी बैठक घ्या. मापाची पायली एकच ठरवा, वही कोण लिहिणार ते ठरवा, आणि कोठीला दोन कुलपं लावून किल्ल्या दोन वेगळ्या गल्लींतल्या बायकांकडं सोपवा.