सशाच्या वाटेनं चांदा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरातलं एखादं जोडपं गाडी काढून चंद्रपूरकडे निघालं, की शेजारचे विचारतात, "ताडोबा का?" आणि बहुतेक वेळा ताडोबाच असतं. पहाटेची सफारी. वाघ दिसला तर फोटो, नाही दिसला तर परतीच्या वाटेवर दोघांचा अबोला. चंद्रपूर शहर मात्र बाजूलाच राहून जातं. गोंड राजांची ही राजधानी. जवळपास अकरा किलोमीटरचा दगडी परकोट, चार दरवाजे, पाच खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे. जयपूर-उदेपूरचे किल्ले पाठ असलेल्या नागपूरकरांना दीडशे किलोमीटरवरच्या जटपुरा दरवाज्यावर काय कोरलंय ते सांगता येत नाही. हत्तीवर मात करणारा सिंह कोरलाय. ती गोंड राजांची खूण.

तर आज वाघाला सुट्टी. नवरा-बायको दोघांनी, घरच्या गाडीनं, एका दिवसात चांदा कसा पाहायचा तेवढंच आज बोलू. कागदोपत्री १९६४ पासून चंद्रपूर झालं, पण जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात. आपणही म्हणू.

आधी रस्ता. नागपूर, बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. चहासकट तीन तास धरा. चुकायची जागा एकच, जाम चौक. हैदराबादचा हमरस्ता सरळ हिंगणघाटकडे जातो, आपल्याला डावीकडे वरोऱ्याच्या रस्त्याला लागायचंय. गप्पांच्या नादात हिंगणघाट आलं की समजायचं, जाम मागं पडलं. म्हणून जाम यायच्या आधी शेजारी बसलेल्यानं आठवण द्यायची. परत सांगते, जामला डावीकडे.

निघायच्या दिवशी सकाळी टायरची हवा बघा, आणि टायर थंड असतानाच बघा. गाडी रात्रभर उभी आहे, पेट्रोल पंप घरापासून दोन किलोमीटरवर आहे, तर चालेल. तीस-चाळीस किलोमीटर पळवून मग हवा बघितली, तर काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. आपण म्हणतो, बरोबर आहे, आणि प्रत्यक्षात हवा कमी असते. कमी हवेचा टायर बाजूनं दबत-उठत राहतो, त्यानं तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेलं असतं. पंपावरच्या पोराला "किती भरू?" असं विचारायची वेळ येऊ देऊ नका, आकडा आपण सांगायचा. स्टेपनीतही हवा भरून घ्या.

दुसरी गोष्ट कोळशाची. वरोऱ्यापुढे खाणींचा पट्टा सुरू होतो आणि ट्रकही वाढतात. हिवाळ्यात सकाळी काचेवर दव असतं, त्यावर कोळशाची धूळ बसते आणि काळा लगदा होतो. कोरडा वायपर फिरवला की तो लगदा काचभर पसरतो, समोरचं काही दिसत नाही आणि काचेवर ओरखडे पडतात ते कायमचे. आधी पाणी, मग वायपर. घरून निघताना वायपरच्या टाकीत काठोकाठ साधं पाणी भरा. कपडे धुवायची पावडर टाकू नका, नळ्या तुंबतात.

आणि गाडी एकट्यानं चालवू नका. आपल्याकडे बायकोकडे लायसन्स असतं, आठवडाभर ती त्याच गाडीनं धरमपेठेत भाजी आणते, पण हायवे लागला की स्टिअरिंग नवऱ्याकडेच. का, ते कोणी सांगत नाही. वरोऱ्यापर्यंत एकानं, पुढे दुसऱ्यानं. दोघंही ताजे पोचतात आणि मागच्या सीटवरून सूचना देणाऱ्याचीही बोलती बंद होते.

डब्यात सांबारवडी घ्या, दशम्या घ्या, काहीही घ्या. तर्री नको. डबा कितीही घट्ट असू द्या, पहिल्याच गतिरोधकाला सीटवर लाल डाग पडतो, आणि तो गाडी विकेपर्यंत जात नाही. तर्री-पोहे खायचेच असतील तर घरून खाऊन निघा.

आता गोष्ट. ही ऐकल्याशिवाय चांद्याला गेलात तर दगडाची एक लांब भिंत बघून परत याल.

पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध. गोंडांची राजधानी तेव्हा सिरपूरला, वर्धा नदीपल्याड, आजच्या तेलंगणात. राजा बल्लाळशा. अंगभर गाठी आणि फोड, रात्र रात्र झोप नाही. लोक त्याला खांडक्या बल्लाळशाच म्हणायला लागले. वैद्य झाले, नवस झाले, गुण काही येईना. या गोष्टीत शहाणपणाचं जे काही घडतं ते राणीच्या डोक्यातून घडतं, हे आधीच ध्यानात ठेवा. राणी म्हणाली, इथलं हवापाणी तुम्हाला मानवत नाही, नदीच्या अलीकडे चला. राजानं ऐकलं. वर्धेच्या काठी नवा किल्ला उठला, तो बल्लारपूर. चंद्रपूरहून अर्ध्या तासावर आजही उभा आहे.

एक दिवस राजा शिकारीला निघाला. ऊन चढलं, घसा कोरडा पडला. झरपट नदीचं पात्र लागलं, तेही कोरडं. शोधता शोधता एका बिळातून पाणी पाझरताना दिसलं. राजा घोड्यावरून उतरला, पाणी प्याला, हातपाय धुतले, तोंडावर मारलं आणि घरी आला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणी बघते तर तोंडावरच्या, हातापायांवरच्या गाठी गेलेल्या. बाकी अंगावरच्या तशाच.

दुसरी कोणी असती तर देवाला हात जोडून मोकळी झाली असती. राणीनं चौकशी केली. काल कुठं गेला होतात? काय खाल्लंत? पाणी कुठं प्यालात? आणि म्हणाली, मला तिथं घेऊन चला. दोघं गेले. रेती बाजूला सारली, गवत उपटलं, तर खाली कातळात गाईच्या खुरांच्या पाच खुणा. पाचही पाण्यानं भरलेल्या. कितीही उपसा, पाणी तेवढंच. राजानं सगळं अंग धुतलं आणि उरलेल्या गाठीही गेल्या. तिथं मंदिर बांधायला काढलं, ते अंचलेश्वराचं.

इथपर्यंतची कथा बऱ्याच तीर्थांना असते. चांद्याची खासियत पुढे आहे.

मंदिराचं काम चाललेलं. राजा घोड्यावर फेरफटक्याला निघाला, सोबत शिकारी कुत्रा. एका झुडपातून ससा निघाला. कपाळावर पांढरा ठिपका, चंद्रासारखा. आणि तो ससा कुत्र्याच्या अंगावर धावून गेला. कुत्रा पुढे, ससा मागे! राजानं घोडा त्यांच्यामागं टाकला. कुत्रा मोठं वर्तुळ घेत पळतोय, ससा मधूनच आडवा जातोय, वाकडातिकडा, नागमोडी. एका जागी सशानं त्याला गाठलं, झटापट झाली, कुत्रा निसटला. परत तोच पाठलाग. फेरा पुरा होत आला तेव्हा मात्र कुत्रा एकदम उलटला आणि त्यानं सशाला मारलं.

राजानं घरी येऊन राणीला सगळं सांगितलं. राणी म्हणाली, शुभ आहे. जिथं ससा कुत्र्यावर चाल करतो तिथं शहर वसवा. आणि भिंत कुठून न्यायची याचा विचारच नको, ते दोघं जिथून पळाले तिथूनच न्या. घोड्याच्या टापा उमटल्याच आहेत, त्याच आखणी समजा. पण एक करा. जिथं झटापट झाली आणि जिथं ससा मेला, त्या दोन जागी बुरूज भक्कम बांधा. या शहराला धोका झाला तर तिथूनच होईल.

आता तुम्ही म्हणाल, सशाची गोष्ट अहमदाबादलाही सांगतात, हंपीलाही सांगतात. सांगतात, खरं आहे. पण तिकडे ससा कुत्र्यावर धावला, राजा खूश झाला, गाव वसलं, गोष्ट संपली. चांद्याची गोष्ट तिथं थांबत नाही. इथं ससा शेवटी मरतो, आणि राणी ते लपवत नाही. शौर्याची जागा कुठली आणि कच्ची जागा कुठली, दोन्ही ती भिंतीत बांधून घेते. शकुन सांगताना धोकाही सांगणारी ही राणी गोष्टीतली असली, तरी आजच्या कितीतरी बांधकामांच्या बैठकीत तिला बसवायला हवं. उद्घाटनाची फीत सगळ्यांना दिसते, पाणी कुठून झिरपणार ते कोणी विचारत नाही.

बरं. तर परकोटाची सुरुवात बल्लाळशानं केली आणि तो पुरा झाला धुंड्या रामशाच्या काळात, म्हणजे पुढच्या कितीतरी पिढ्यांनी. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तो फोडला. गंगासिंग किल्लेदार लढता लढता पडला.

या कथेचा आपल्याला उपयोग असा, की चांदा बघायचा क्रम ती सांगते. आधी परकोट, मग इमारती. पुन्हा सांगते, आधी परकोट. भिंत सरळ का जात नाही, मधेच का वळते, हे बघत चाला. इतिहासाचा अभ्यासक सांगेल की पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दोन नद्यांमधली जागा धरून भिंत वळत गेली. सांगू दे. चालताना ससा आठवतोच.

सगळा फेरा पायी करू नका, अकरा किलोमीटर होतात आणि मधे वस्ती आहे. गाडी जटपुरा दरवाज्याच्या बाहेर लावा. उत्तरेचा हा दरवाजा अजून वाहता आहे, कमान जुनी आणि गर्दी आजची, मोठी गाडी आत घातली की ना पुढे जाता येतं ना मागे. तिथून ऑटो करा. पूर्वेला अंचलेश्वर दरवाजा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. दोन दरवाज्यांच्या मधला एखादा साफ तुकडा निवडून दोघं चाला. साफ तुकडे मिळतात ते इको-प्रो संस्थेच्या पोरांमुळे. २०१७ पासून त्यांनी झाडंझुडपं तोडून, कचरा उपसून हा परकोट मोकळा केला. पावसाळ्यानंतर गवत वाढलेलं असतं, तेव्हा बंद बूट घाला, चपला नकोत. कोनाड्यात मधमाशांचं मोहोळ दिसलं तर मागं फिरा. आणि बदामाच्या आकारात दोघांची नावं दगडावर कोरू नका. पाचशे वर्षांची भिंत, त्यावर तुमचं "सोनू लव्ह पिंकी" वाचायला कोण येणार? प्रेम आहे तर पाण्याची बाटली उचलून परत आणा.

घड्याळ बघता उरलेलं भराभर सांगते. अंचलेश्वर मंदिराजवळच गोंड राजा बीरशाची समाधी आहे, राणी हिराईनं बांधलेली. नवऱ्याच्या खुनानंतर दत्तक मुलाच्या नावानं राज्य तिनंच चालवलं, आणि महाकालीचं मंदिरही तिनंच उभारलं. महाकाली जवळच, झरपटकाठी. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत मात्र गाडी घेऊन जाऊ नका, मराठवाडा आणि तेलंगणातून माणूस लोटतो. मग लालपेठ. उघड्यावर आडव्या पडलेल्या अखंड दगडांतल्या प्रचंड मूर्ती, त्यांत दशमुखी दुर्गा. एका व्यापाऱ्यानं शिवालयासाठी घडवायला घेतल्या, तो गेला आणि काम तिथंच थांबलं. दुर्गेच्या पायाशी एकानं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं डोक्याशी, म्हणजे लांबीचा अंदाज येतो.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मे मध्ये चांद्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, दगड दुपारी हात लावू देत नाही. हिवाळ्यातही दोघांत चार लिटर पाणी ठेवा.

पहाटे साडेपाचला निघालात तर नऊच्या आत जटपुरा. परकोट अकरापर्यंत, समाधी आणि महाकाली एकपर्यंत, जेवण, लालपेठ, आणि साडेतीनला परतीची गाडी. येताना भद्रावतीला विजासन लेणी बघायची असतील तर लालपेठहून लवकर निघा, दोन्ही रमतगमत होत नाहीत. अंधाराआधी जाम ओलांडा, कारण कोळशाच्या ट्रकांचे मागचे दिवे धुळीनं माखलेले असतात आणि उभा ट्रक अगदी जवळ गेल्यावर दिसतो. पुढचा ट्रक ज्या खांबाजवळून गेला, तिथं तुमची गाडी पोचायला निदान तीन सेकंद लागले पाहिजेत. अंधार पडला तर पाच.

घरी आल्यावर गाडी फडक्यानं पुसू नका. कोळशाची धूळ कोरडी पुसली की रंगावर बारीक रेघा उठतात. आधी पाईपनं वरून खाली पाणी सोडा, धूळ वाहून जाऊ द्या, मग ओलं फडकं लावा. वायपरच्या रबराची कडही ओल्या कपड्यानं पुसून घ्या, काळं उतरायचं थांबेपर्यंत.

नमस्कार.