मान उचलून दाखवा

श्रोतेहो, नमस्कार. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याच्या वर गेली की फवारा झाडाऐवजी माणसाच्याच तोंडावर येतो. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात असंच झालं. फवारणीतल्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आणि आपण त्या विषाला अजूनही ‘औषध’च म्हणतो!

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीड मारणारी विषं कातडीतूनही अंगात शिरतात. नसांकडून निघालेला निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं. हे विष त्यालाच निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दंड-मांड्यांचं मांस आपोआप फडफडतं. छाती घरघरायला लागली तर एक मिनिटही दवडू नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ती फुप्फुसात गेली तर दुसरंच संकट. हातात मोजे नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या घालून रुग्णाचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, कुशीवर निजवा, १०८ला फोन करा. आणि विषाचा डबा सोबत आणा, रिकामा असला तरी. पॅराक्वॅट हे तणनाशक असेल तर उपचार पार बदलतो. तिथे ऑक्सिजनसुद्धा हात राखून द्यावा लागतो.

ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबू नका. मोठ्या माणसाला अ‍ॅट्रोपीन, म्हणजे या विषावरचा उतारा, दोन-तीन मिलिग्रॅमपासून सुरू करा आणि गुण नसेल तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करा. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडू नका, नाडी वाढली म्हणूनही नाही. स्टेथोस्कोपने छाती कोरडी ऐकू आली का, नाडी आणि रक्तदाब सावरला का, ते बघा.

दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, नातेवाईक सुट्टीसाठी मागे लागतात. फवारणीची मजुरी बुडत असते, त्यांचंही खरं. पण एक ते चार दिवसांत काहींचे स्नायू अचानक ढिले पडतात. आधी मान, मग श्वास. म्हणून राउंडला गेलो की मी आधी म्हणतो, “भाऊ, उशीवरून मान उचलून दाखवा बरं.” नाही उचलली, तर व्हेंटिलेटर खाटेजवळ आणून ठेवायला सांगतो.