दाबाखालचा प्राणवायू

(दृश्य: तळपायावरची जुनी जखम. ड्रेसिंग बदलणारे हात.)

मधुमेहात पायाची जखम कधीकधी महिनोन्महिने भरत नाही. ड्रेसिंग होतं, औषधं चालू असतात, तरी जखमेच्या कडा जागच्या हलत नाहीत. बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या, भोवती सूज आणि मध्यापर्यंत प्राणवायू पोहोचतच नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना तो लागतो, जखम भरून काढणारं कोलाजन हे प्रथिन तयार करणाऱ्या पेशींनाही लागतो.

मग नाकाला ऑक्सिजनची नळी लावून भागेल का? फारसं नाही. फुप्फुसं ठीक असतील, तर साध्या हवेतही लाल पेशींमधलं, ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. जागा उरते ती रक्तातल्या द्रवात, म्हणजे प्लाझ्मात. एरवी १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन असा विरघळलेला असतो. दाब वाढला, की वायू द्रवात जास्त विरघळतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला, तर हाच आकडा सहाच्या आसपास जातो.

ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक इटे बोरेमा यांनी १९६० मध्ये हे दाखवून दिलं. डुकरांच्या रक्तातल्या जवळपास सगळ्या लाल पेशी काढून टाकल्या, तरी दाबाच्या कक्षात ती जगली. प्राणवायू वाहून नेण्याचं काम एकट्या द्रवाने केलं!

(दृश्य: पारदर्शक कक्ष. आत आडवा झालेला रुग्ण, बाहेर तंत्रज्ञ.)

हा हायपरबॅरिक, म्हणजे वाढीव दाबाचा कक्ष. आतला दाब हळूहळू नेहमीच्या दोन ते अडीच पट केला जातो. विमान उतरताना बसतात तसे कानांना दडे बसतात, म्हणून रुग्णाला आवंढा गिळायला सांगतात. सत्र दीड-दोन तासांचं असतं, आणि अशी वीस ते चाळीस सत्रं लागू शकतात. वाढलेल्या ऑक्सिजनने रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्यामुळे सूज उतरते. जखमेला प्राणवायू मात्र तरीही जास्तच मिळतो. काही आठवड्यांत नव्या केशवाहिन्या फुटू लागतात, आणि खरा फायदा तिथे आहे, कारण सत्र संपलं की विरघळलेला ऑक्सिजन लवकरच ओसरतो.

कर्करोगाच्या किरणोपचारानंतर जबड्याचं हाड खराब झालेल्या रुग्णांसाठी आणि स्नायू झपाट्याने सडवणाऱ्या गॅस गँग्रीन या जंतुसंसर्गातही हा उपचार वापरला जातो.

पण ऑक्सिजन हेही औषधच, आणि औषधाला मात्रा असते. तो जास्त झाला तर आकडीचे झटके येऊ शकतात, म्हणून काही ठिकाणी अधूनमधून साधी हवा देतात. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झालेले नसतील, तर त्या रुग्णाला कक्षात घेतच नाहीत. आगीचा धोका मोठा. म्हणून अंगावर सुती कपडे, मोबाइल बाहेर, तेल-अत्तर काही नाही. या नियमांत सूट मागू नये.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पायाची मोठी रक्तवाहिनीच बंद असेल, तर आधी ती उघडावी लागते. मेलेली त्वचा काढणं, साखर आटोक्यात ठेवणं, पायावरचा भार कमी करणं, यातलं काहीही हा कक्ष करत नाही. मधुमेही जखमांवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. काहींना चांगला फायदा दिसतो, काहींना नाही. म्हणून डॉक्टर जखमेजवळच्या त्वचेतला ऑक्सिजन मोजून रुग्ण निवडतात, ठरावीक सत्रांनंतर जखम पुन्हा मोजतात, आणि फरक नसेल तर उपचार थांबवतात.